डॉक्टर, तुमचा सेट हलतोय!

‘डॉक्टर हू’ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर डेव्हिड टेनंटचा लांब कोट येतो, नाहीतर मॅट स्मिथचा बो-टाय. म्हणजे २००५ नंतरचं सगळं. त्याआधीचं? ‘ते ब्लॅक अँड व्हाइट आहे, स्लो आहे, राहू दे,’ म्हणत पक्के फॅनसुद्धा पुढे जातात. पण शॉर्टफिल्म करताना ‘बजेटच नाही यार’ असं रडगाणं ज्यांनी एकदा तरी गायलंय, त्यांनी १९६३-६४ चे सुरुवातीचे एपिसोड बघायलाच हवेत. हातात पैसे नसताना गोष्ट कशी सांगायची, हे तिथे अगदी उघड्यावर दिसतं.

नवख्यांची टीम

२३ नोव्हेंबर १९६३, शनिवार. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झालेली. अशा संध्याकाळी बीबीसीवर ‘ॲन अनअर्थली चाइल्ड’चा पहिला भाग लागला. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी तो पुन्हा दाखवावा लागला.

निर्माती व्हेरिटी लँबर्ट हे काम हातात घेताना २७ वर्षांची होती. बीबीसीच्या ड्रामा विभागात तेव्हा तिच्याशिवाय एकही महिला निर्माती नव्हती. दिग्दर्शक वारिस हुसेन २४ वर्षांचा, जन्म लखनौचा, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा. या दोघांना मिळाला लाइम ग्रोव्हमधला जुना, अडचणीचा स्टुडिओ. पहिला एपिसोड शूट झाला आणि विभागप्रमुख सिडनी न्यूमननी तो नापास केला. परत करा म्हणाले. त्यांनी परत केला. आज आपण बघतो तो हा दुसरा प्रयत्न!

गोष्ट साधी आहे. इयान आणि बार्बरा हे दोन शिक्षक आपल्या विचित्र हुशार विद्यार्थिनीच्या, सुझनच्या मागावर एका भंगाराच्या गोदामात पोचतात. तिथे पोलिसांना फोन करायची एक केबिन उभी असते. आत शिरावं तर भलंमोठं यान! आणि सुझनचे तिरसट आजोबा, म्हणजे विल्यम हार्टनेलचा डॉक्टर. आपलं गुपित फुटू नये म्हणून तो या दोघांना चक्क पळवून नेतो. हा डॉक्टर सुरुवातीला हिरो नाहीच.

किल्ली आणि पियानो

टार्डिस जिथे उतरेल तिथल्यासारखं रूप घेते, अशी मूळ कल्पना. पण दर वेळी नवीन रूप बनवायला पैसे कुठले? मग ‘यंत्रणा बिघडली’ असं सांगून केबिन तशीच ठेवली. आज तीच मालिकेची ओळख आहे.

टार्डिसचा तो घरघरणारा आवाज आठवतोय? ब्रायन हॉजसननी जुन्या पियानोच्या तारांवर घराची किल्ली घासून तो काढला. थीम म्युझिक रॉन ग्रेनरचं; पण ते प्रत्यक्षात घडवलं डेलिया डर्बिशरनी. सिंथेसायझर हाताशी नव्हता. एकेक सूर टेपवर घेऊन, कापून, चिकटवून तिने ते तयार केलं. पडद्यावर तिचं नाव मात्र यायला २०१३ उजाडलं.

तिसरी कथा ‘द एज ऑफ डिस्ट्रक्शन’ तर बघाच. दोन एपिसोड, एकच सेट, चारच पात्रं. टार्डिसमध्ये अडकलेले चौघं एकमेकांवर संशय घेत राहतात. बाहेर जायला सेटच नाही! आपल्याकडे एकांकिका बसवणाऱ्यांना हे लगेच पटेल.

सगळंच भारी आहे का? अजिबात नाही. एडिटिंग महाग असल्यामुळे हार्टनेलचे अडखळलेले संवाद तसेच राहिलेत. गुहेतल्या माणसांचे एपिसोड चांगलेच रेंगाळतात. ‘मार्को पोलो’ कथेत गोऱ्या नटांना मेकअप करून आशियाई दाखवलंय. दिग्दर्शक भारतीय वंशाचा असूनही. हे आज खटकतं, आणि खटकायलाच हवं.

टेप पुसा, परत वापरा

पण ‘मार्को पोलो’ तुम्हाला बघताच येणार नाही. त्याचे सातही भाग गायब आहेत. व्हिडिओ टेप तेव्हा महाग. घरी कॅसेट विकता येतील हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. मग बीबीसीने जुने कार्यक्रम पुसून त्याच टेप पुन्हा वापरल्या. साठच्या दशकातले ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक एपिसोड आजही सापडलेले नाहीत.

ही वेळ एकट्या डॉक्टरवर आली नाही. जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये संशोधन करत होते, त्या काळात त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही विज्ञानमालिका सहलेखक म्हणून लिहिली होती. १९६१ च्या त्या मालिकेचाही एकच भाग पूर्ण उरलाय.

तरी डॉक्टरच्या हरवलेल्या प्रत्येक एपिसोडचा आवाज आज ऐकता येतो. कारण तेव्हाच्या काही पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो रेकॉर्ड केला होता. बीबीसीला जे सांभाळता आलं नाही, ते या पोरांनी जपलं. २०१३ मध्ये नायजेरियात सापडलेल्या फिल्म्समधून तर नऊ हरवलेले एपिसोड परत मिळाले. तेव्हा आपल्या कॉलेजच्या नाटकांचं, फेस्टचं रेकॉर्डिंग कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये पडलं असेल, तर आजच एक कॉपी करून ठेवा.

सुरुवात कुठून करायची? आधी ‘ॲन अनअर्थली चाइल्ड’चा पहिला भाग, मग ‘द एज ऑफ डिस्ट्रक्शन’, मग ‘द ॲझटेक्स’. एका बैठकीत संपवू नका. २५ मिनिटांचे हे भाग आठवड्याला एक बघण्यासाठीच बनले होते. ‘द ॲझटेक्स’मध्ये एकही एलियन नाही. बार्बराला लोक देवी समजतात आणि ती नरबळीची प्रथा थांबवायचा प्रयत्न करते. डॉक्टर तिला बजावतो की इतिहास बदलता येत नाही. ती ऐकत नाही, आणि हरते. मागचा डोंगर रंगवलेला पडदा आहे हे स्पष्ट दिसतं, पण तोवर तिकडे आपलं लक्षच नसतं.