रिकाम्या बाकांचा हिशेब

सार्वजनिक बससेवेची खरी कसोटी गाडी खच्चून भरलेली असते तेव्हा लागत नाही; ती निम्मी रिकामी धावावी लागते तेव्हा लागते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी आली आणि गोव्यातील बसगाड्याही जागच्या जागी थांबल्या. पुढे मे महिन्यात त्या सुरू झाल्या त्या निम्म्याच आसनांवर प्रवासी बसविण्याच्या अटीवर. आरोग्याच्या दृष्टीने ही अट रास्त होती. परंतु तिने उभा केलेला प्रश्न साथ ओसरल्यावरही ओसरलेला नाही. रिकाम्या बाकांचे भाडे भरावयाचे कोणी?

बस निम्मी भरली म्हणून डिझेल निम्मे लागत नाही. विम्याचा आणि कर्जाचा हप्ताही निम्मा होत नाही. त्यामुळे अनेक खासगी बसमालकांनी गाड्या दारात उभ्या ठेवणेच पत्करले. त्यांना दूषणे देणे सोपे आहे. पण ज्याची चूल त्या दिवशीच्या तिकिटांवर पेटते, त्याने तोटा सोसून लोकसेवा करावी, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. दोष माणसांचा नव्हे, व्यवस्थेचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचा भुर्दंड पडला तो ज्यांच्या दारी वाहन नाही त्यांना. बांबोळीच्या रुग्णालयात पाळीवर जाणारी परिचारिका, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार, पाटी घेऊन म्हापशाच्या बाजारात येणारी भाजीवाली, यांचे काम घरी बसून होणारे नव्हते. ज्यांना झेपले त्यांनी ऋण काढून दुचाकी घेतली. आणि एकदा दुचाकी दारात आली की प्रवासी सहसा बसकडे परतत नाही. प्रवासी घटले की फेऱ्या घटतात, आणि फेऱ्या घटल्या की उरलेले प्रवासीही पाठ फिरवितात. हे दुष्टचक्र आपोआप थांबणारे नाही.

बस हा केवळ धंदा नव्हे, हे गोव्याला कोणी नव्याने शिकवावयास नको. १९७८-७९ मध्ये अर्ध्या भाड्याच्या सवलतीसाठी येथील विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. त्यानंतर १९८० साली कदंब वाहतूक महामंडळ स्थापन झाले. विद्यार्थ्याने न भरलेल्या अर्ध्या भाड्याचा भार समाजाने उचलावा, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले. तेच तत्त्व साथीतील रिकाम्या आसनाला आणि रात्रीच्या शेवटच्या फेरीतील तुरळक प्रवाशांना का लागू होऊ नये?

२०२३ साली शासनाने 'म्हजी बस' योजना जाहीर केली. खासगी बसेस महामंडळाशी करारबद्ध करून त्यांना धावलेल्या किलोमीटरमागे मोबदला द्यावा, ही तिच्यामागील कल्पना आम्हांस मूलतः योग्य वाटते. मोबदला अंतरावर मिळाला, तर प्रवासी गोळा करण्यासाठी थांब्यावर रेंगाळण्याचे आणि मग गमावलेला वेळ भरून काढण्यासाठी जीवघेणी शर्यत लावण्याचे कारणच उरत नाही. मात्र चालक-वाहकांचे उत्पन्न दिवसाच्या गल्ल्यावर अवलंबून राहिले, तर करार कागदावर राहील आणि शर्यत रस्त्यावर. म्हणून त्यांना नियमित वेतन मिळालेच पाहिजे, ही अट करारातच हवी. तसेच वेळेवर न सुटलेल्या वा रद्द झालेल्या फेरीचा मोबदला कापला गेला पाहिजे. जनतेचा पैसा फेरीसाठी आहे, उभ्या गाडीसाठी नव्हे.

पणजी-मडगाव शटलवर प्रवासी विश्वासाने रांगेत उभा राहतो, कारण ही बस गेली तर मागून दुसरी येणार हे तो जाणतो. हा विश्वास खेड्यांपर्यंत पोहोचविणे हेच खरे काम आहे. रात्री आठनंतर गावाकडे जाणारी बस मिळणे आजही नशिबाचा भाग ठरतो. प्रत्येक स्थानकावर वेळापत्रक लावावे व शेवटची फेरी काही झाले तरी चुकवू नये. पावसाळ्यात गळतीमुळे वा झडीमुळे खिडक्या बंद ठेवून कोंदट गाडीतून प्रवास करावा लागतो. हवेतून पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीची जागा कोणती? तेव्हा पावसातही हवा खेळती राहील अशी गाड्यांची रचना असणे, ही चैन मानता येणार नाही.

यापुढे साथ येणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. तशी वेळ आल्यास किती गाड्या, कोणत्या मार्गांवर, कोणाच्या खर्चाने धावतील, हे आजच ठरवून त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करावी. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा अनुभव गोमंतकीय जनतेने एकदा घेतला आहे. तो पुन्हा तिच्या वाट्याला येऊ न देणे, हे शासनाचे कर्तव्य आहे.