चालू कंडिशनमधली बॉनेव्हिल

जुनी ब्रिटिश मोटरसायकल विकायला काढली असेल, तर गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवू नये. जाणता माणूस आल्या आल्या सिलिंडरला हात लावून बघतो. ते कोमट लागलं की त्याच्या मनात शंका आलीच: थंड असताना ही सुरू होत नसणार.

1968 सालची ट्रायम्फ बॉनेव्हिल टी120 घ्या. 649 सीसी, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. गाडी उभी राहिली की तेलामुळे क्लचप्लेटा एकमेकींना चिकटतात. म्हणून आधी क्लच दाबून दोनतीनदा नुसती किक मारायची, त्या सुटतात. मग पेट्रोलचा कॉक उघडायचा आणि दोन्ही कार्बोरेटरवरची बारीक बटणं पेट्रोल ओघळेपर्यंत दाबून धरायची. त्यानंतर स्विच ऑन करून खरी किक. नीट ट्यूनिंग केलेली गाडी फार दमवत नाही. सुरू झाली की लगेच तेलाच्या टाकीचं झाकण उघडून आत बघावं. या गाडीचं तेल इंजिनात नव्हे, वेगळ्या टाकीत असतं; पंप ते इंजिनाला पुरवतो आणि खाली साठलेलं परत टाकीत आणून सोडतो. परतीच्या नळीतून तेल बुडबुड्यांसह उसळत येताना दिसलं की जीव भांड्यात पडतो.

महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत हेच तेल पंपातून झिरपत इंजिनाच्या तळाशी उतरतं आणि सुरू करताच धुराचा लोट निघतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून जेट बुजतात. त्यामुळे दिवाणखान्यात चकचकीत ठेवलेल्या गाडीपेक्षा दर रविवारी रस्त्यावर निघणारी, टाकीवर चार ओरखडे असलेली गाडी मी केव्हाही घेईन. रंग पुन्हा देता येतो. मूळ रंग मात्र एकदाच मिळतो. विकण्याआधी नवा रंग मारण्याचा मोह विकणाऱ्याने टाळावा.

या इंजिनाचं मूळ ट्रायम्फचे डिझायनर एडवर्ड टर्नर यांच्या 1937 च्या स्पीड ट्विनमध्ये आहे. दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात, एकदमच खाली येतात. जोरात पळवली की हँडल थरथरतं ते त्यामुळे. कॉव्हेंट्रीचा कारखाना 1940 च्या बॉम्बहल्ल्यात गेला आणि ट्रायम्फ जवळच्या मेरिडनला आली. 1956 मध्ये अमेरिकेतल्या बॉनेव्हिलच्या मिठागरावर जॉनी ॲलनने ट्रायम्फच्या इंजिनावरचं लांबुळकं वाहन ताशी 214 मैलांनी पळवलं. 1959 च्या नव्या मॉडेलला तेच नाव मिळालं. मेरिडन 1983 मध्ये बंद पडलं. त्याआधी काही वर्षं कामगारांनी सहकारी तत्त्वावर ते चालवलं होतं, आणि त्या जिद्दीबद्दल मला आजही आदर वाटतो. नाव मात्र टिकलं. आता ट्रायम्फची 400 सीसीची गाडी आपल्या चाकणला बनते.

किंमत ठरते ती नंबरांवर. इंजिन आणि फ्रेमचा नंबर एकच हवा, आणि सुरुवातीला टी120 हवं. याच कारखान्याच्या टीआर6 ला एकच कार्बोरेटर असायचा. तिला दोन कार्बोरेटरचं हेड बसवलं की दिसायला बॉनेव्हिल तयार होते, म्हणून खरेदीदार भिंग घेऊन अक्षरांचे ठसे तपासतात. कारखान्याच्या नोंदी व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे आहेत. तिथलं प्रमाणपत्र विकणाऱ्याने आधीच मागवून ठेवावं. साठच्या दशकातल्या बहुतेक बॉनेव्हिल अमेरिकेला गेल्या. लहान टाकी आणि उंच हँडलची गाडी तिकडून परत आलेली असू शकते. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ते स्पष्ट सांगावं.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या, फार बदल न केलेल्या गाडीला रोड टॅक्स नाही आणि दरवर्षीची तपासणीही सक्तीची नाही. तरीही विकण्याआधी ती स्वखुशीने करून घ्यावी. ब्रेक, चाकं आणि दिवे तिऱ्हाइताने बघितल्याचा कागद हातात असला की गिऱ्हाईक निम्मं पटलेलंच असतं. पुढचा ब्रेक 1968 ला सुधारला, तेव्हा तो तर चालवूनच दाखवावा. बदललेल्या सुट्या भागांची बिलं, दुरुस्तीचं मॅन्युअल आणि जुन्या ब्रिटिश मापाचे पाने गाडीबरोबरच द्यावेत. मेट्रिक पाने तिच्या नटांना नीट बसत नाहीत.

चक्कर मारायला किल्ली देताना एक गोष्ट आवर्जून सांगावी. गिअर उजव्या पायाला आहे आणि मागचा ब्रेक डाव्या. आपल्याकडच्या जुन्या बुलेटवाल्याला हे सांगावं लागणार नाही, पण आजच्या गाड्यांवर शिकलेला माणूस वळणावर घाबरला की उजवा पायच दाबतो, आणि ब्रेकऐवजी गिअर पडतो.