नाइफच्या वर्गाचं सामान

ऑइलच्या वर्गाची यादी करताना बहुतेकजण रंगांपासून सुरुवात करतात. नाइफने रंगवायचं असेल तर मी आधी मोजपट्टी घेतो. 10 बाय 12 इंचांची फळी म्हणजे सुमारे 774 चौरस सेंटिमीटर. तिच्यावर 1 मिलिमीटर जाड थर दिला, तर 77 मिलिलिटर रंग लागतो. मुलं आणतात त्या 9 मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये जेमतेम तळहाताएवढी जागा भरते. चोवीस रंगांचा बॉक्स इथे कुचकामी. टायटॅनियम व्हाइट मोठ्या ट्यूबमध्ये घ्यावा. सोबत पिवळा, क्रिमझन, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. अल्ट्रामरीन आणि सिएनातून खानदेशची काळी जमीन निघते, पिवळा घातला की केळीची बाग.

नाइफ मात्र हातात घेतल्याशिवाय घेऊ नये. धुळ्यात आग्रा रोडला हार्डवेअरवाल्याने पुट्टी लावायचा पत्रा पुढे केला. ‘‘सर, हाच चालंल ना?’’ मोठा सपाट भाग ओढायला चालतो, पण तो ताठ असतो, खालचा ओला थर खरवडून काढतो. रंगवायच्या नाइफच्या मानेला गवंड्याच्या थापीसारखा बाक हवा, म्हणजे बोटं ओल्या रंगाला टेकत नाहीत. टोक काउंटरवर हलकेच दाबून बघायचं: पातं वाकलं पाहिजे आणि सोडताच सरळ झालं पाहिजे. प्लॅस्टिकच्या नाइफला ही लवचीकताच नसते. चित्रकार वासुदेव गायतोंडे नाइफ आणि रोलरने रंग चढवत, उतरवत. हे उतरवणंही मुलांना शिकवायचं, तर पातं हाताचं ऐकणारं हवं.

ताणलेला कॅनव्हास नाइफच्या दाबाखाली दबतो, म्हणून नवशिक्यांना मी फळीच देतो. वखारीत 8 बाय 4 फुटांची एमडीएफची शीट कापून घेतली की, करवतीने खाल्लेले दोन-तीन मिलिमीटर सोडले, तर 36 फळ्या होतात. दोन्ही बाजूंनी प्रायमर लावायचा, नाहीतर पावसाळ्यात फळी वाकते. समोरच्या बाजूला गेसोचे आणखी दोन हात, मधे हलका पॉलिशपेपर. कोरी फळी रंगातलं तेल पिते आणि चित्र निस्तेज दिसतं. जळगावहून तासा-दीड तासावर अजिंठ्यात चित्रकारांनी आधी मातीचा गिलावा केला, वर चुन्याचा पातळ हात दिला, मगच रंग घेतला. तयारीचं हे काम मी मुलांकडूनच करून घेतो.

तेल फार लागत नाही. नाइफसाठी रंग ट्यूबमधून निघतो तसाच घट्ट हवा. घाण्यावरचं जवसाचं तेल स्वस्त मिळतं, पण ते सावकाश सुकतं आणि पिवळं पडतं. चित्रासाठीच्या शुद्ध केलेल्या तेलाची एक छोटी बाटली सगळ्या वर्गाला पुरते. चिंध्या भरपूर लागतात, कारण नाइफ प्रत्येक रंगानंतर पुसायचा असतो. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि त्यात उष्णता निघते. तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडला, तर तो आपोआप पेटू शकतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना तर विषाची परीक्षा नकोच. झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात पाणी, चिंध्या त्यातच.

जाड थर सुकायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात, आणि मुलांना तर संध्याकाळी एसटीने घरी जायचं असतं. फळीच्या चारही कोपऱ्यांवर लाकडी ठोकळे चिकटवले की दोन फळ्या समोरासमोर बांधता येतात, रंगाला रंग लागत नाही. न्यायला केळीची पुठ्ठ्याची खोकी उत्तम. हवेसाठी भोकं असतात, पकडायला खाचा असतात. यादीत शेवटी तीच लिहितो.