मनगटाचे हाड : झीज आणि भरपाई



गोदाकाठचे बासर हे अक्षराभ्यासाचे क्षेत्र. पूर्वी आदिलाबाद आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात असलेल्या या गावी सरस्वतीसमोर बालकाच्या हातून पहिले अक्षर गिरवून घेतात. ते अक्षर ज्या मनगटाच्या आधाराने उमटते, त्याविषयी मी एक वैद्य या नात्याने चार शब्द बोलणार आहे.

घाटाच्या ओल्या पायरीवर पाय घसरला की माणूस सहजच तळहात टेकतो. देहाचा भार मनगटावर येतो आणि अंगठ्याच्या बाजूचे रेडियस नावाचे हाड मोडते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली, म्हणजे क्ष-किरणांच्या शोधापूर्वी ८१ वर्षे, या अस्थिभंगाचे वर्णन केले होते.

पाच-सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले की दुखणे संपले, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. हाड ही सजीव वस्तू आहे. काही पेशी जुने हाड झिजवतात, काही नवे रचतात. जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलेला सिद्धान्त असा की, हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार घडते. प्लास्टरमध्ये तो भार नाहीसा होतो, झिजवणाऱ्या पेशी वरचढ ठरतात आणि मोडलेल्या जागेबरोबर शेजारच्या हाडांचीही घनता घटते. प्लास्टर निघाल्यावरही ही घट काही काळ चालूच राहते. झीज आठवड्यांत होते. भरपाईला मात्र अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि उतारवयात ती पूर्ण होईलच असे नाही.

म्हणून प्लास्टरमध्ये असतानाच बोटे, कोपर आणि खांदा हलवीत राहावे. ते निघाल्यावर वैद्याच्या सल्ल्याने मूठ वळणे, कणीक मळणे असे भार क्रमाक्रमाने वाढवावेत. आपल्या भागात भाकरी ज्वारीची. परंतु १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, ज्वारीत त्याच्या दशांशाच्या आसपास. तेव्हा दूध, तीळ, नाचणी यांना ताटात स्थान द्यावे. कॅल्शियम अंगी लागण्यास ‘ड’ जीवनसत्त्व हवे, आणि ते ऊन देते.

आता अखेरचे, परंतु सर्वांत महत्त्वाचे. पन्नाशीनंतर, विशेषतः ऋतुनिवृत्तीनंतर, उभ्या जागी पडून मनगट मोडले तर तो केवळ अपघात समजू नये. कंबर आणि खुबा यांची अस्थिघनता मोजून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली गेल्यास ती अस्थिसुषिरता होय. तिच्यावर औषधे आहेत. मनगट बरे होते. खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणाला खिळतो, कित्येकदा जिवासही मुकतो. घरातील आई-आजीच्या हाताचे प्लास्टर निघाले म्हणजे ही तपासणी करवून आणणे, हे आपल्या शाळेच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने स्वतःचे कर्तव्य मानावे, एवढीच माझी विनंती आहे.