अंगणातली मिक्स पिल्लं: एकच खुराडं, तीन जाती

समजा, धामणगाव रेल्वेत तुमच्या अंगणात गावरान, वनराजा अन् कडकनाथ, तिन्ही पिल्लं एकाच खुराड्यात आहेत. दिसायला झकास! पण हैदराबादेत तयार झालेली वनराजा झपाट्याने वाढते, झाबुआची कडकनाथ हळू. मग दांडगी पिल्लं दाण्यावर तुटून पडतात, बारकी उपाशी. म्हणून खाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी मांडा. तरी टोचाटोची दिसली तर बारक्यांना वेगळं काढा.

पहिल्या आठवड्यात ऊब हवी साधारण 35 अंश, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. पण आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी बल्ब कशाला? पिल्लांकडेच बघा ना. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, चोच उघडून लांब पळाली तर गरम होतंय.

खरी भीती मानमोडीची, म्हणजे राणीखेतची. एकदा शिरली की खुराडंच्या खुराडं रिकामं. त्यावर औषध नाही, लसच. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात. लस बर्फात ठेवूनच आणा, खिशात नाही! अन् बाजारातून आणलेलं नवं पिल्लू दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा. घरच्यांना हेच पटवणं सगळ्यात अवघड जातं, बरं का.