माणसांवाचून गाव

फ्रान्सच्या ईशान्येस, व्हर्डूनजवळ, फ्लरी नावाचे एक खेडे आहे. खेडे आहे, वस्ती मात्र नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी शेतीवर व लाकूडतोडीवर पोट भरणारी सुमारे ४२० माणसे येथे नांदत होती. फेब्रुवारी १९१६ मध्ये त्यांना घरेदारे सोडावी लागली. त्या उन्हाळ्यात गाव १६ वेळा एका सैन्याकडून दुसऱ्याकडे गेले. भिंत म्हणून उरली नाही. मातीत रुतलेल्या दारूगोळ्यामुळे पुन्हा वस्ती होणे अशक्य ठरले. तरीही सरकारने दप्तरातून गावाचे नाव खोडले नाही. आजही प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडचा जिल्हाधिकारीच म्हणा ना, येथे सरपंच नेमतो. मतदाराविना सरपंच! निवडणुकांची धामधूम पाहिलेल्या आपणांस याचे नवलच वाटेल. गावाची स्मृती जपणे, हाच त्याचा मुख्य कारभार. खाचखळग्यांच्या त्या रानात पायवाटा आखल्या आहेत. येथे पाववाला, येथे लोहार, येथे शाळा, अशा खुणा त्यांच्या कडेला उभ्या आहेत.