पडद्यावर मूकपट, समोर विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद

अमेरिकेत बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात मूकपटांना संगीत देण्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम चालत आला आहे. प्राध्यापक शेल्डन मिरोविट्झ यांनी तो घडवला. वर्गातले विद्यार्थी एक अख्खा मूकपट घेतात, त्याचे भाग आपसांत वाटून घेतात आणि प्रत्येक जण आपापल्या भागाचे संगीत लिहितो. प्रयोगाच्या दिवशी विद्यार्थ्यांचाच वाद्यवृंद पडद्यासमोर बसतो आणि ज्याचा भाग सुरू होतो तो पुढे येऊन त्याचे संचालन करतो. 'बर्कली सायलेंट फिल्म ऑर्केस्ट्रा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाद्यवृंदाचे प्रयोग शेजारच्या ब्रुकलाइन गावातील कूलिज कॉर्नर या जुन्या चित्रपटगृहात होत आले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या मूकपट महोत्सवानेही त्यांना बोलावले. तिथल्या कॅस्ट्रो चित्रपटगृहात २०१५ मध्ये 'द लास्ट लाफ', २०१७ मध्ये 'द फ्रेशमन' आणि २०१८ मध्ये 'द मॅन हू लाफ्स' हे मूकपट विद्यार्थ्यांच्या संगीतासह दाखवले गेले. अशा महोत्सवात एरवी या कामात मुरलेले वादक वाजवतात. त्यांच्या पंक्तीला विद्यार्थी बसले, यावरूनच त्यांच्या कामाची प्रत कळते.

मूकपट मुके होते, पण ते शांततेत पाहिले जात नव्हते. लहान गावात एखादा पियानोवादक असे, मोठ्या शहरात पन्नास-साठ वादकांचा ताफा असे आणि या दोहोंच्या मध्ये अनेक वाद्यांचे आवाज एकट्याने काढू शकणारा थिएटर ऑर्गन असे. फ्रेंच संगीतकार कामीय सँ-साँस यांनी १९०८ साली 'ड्यूक द गीझची हत्या' या छोट्या चित्रपटासाठी खास संगीत लिहिले. त्यांच्यासारख्या नामवंताने लिहिलेले हे पहिलेच चित्रपटसंगीत. मात्र खास संगीत लिहवून घेण्याची चैन मोजक्याच चित्रपटांना परवडे. बाकीच्यांसाठी तयार मालावर भागवले जाई. एडिसन कंपनी १९०९ पासून आपल्या चित्रपटांसोबत कोणत्या प्रसंगी काय वाजवावे याच्या सूचना छापू लागली. बर्लिनमध्ये जुझेप्पे बेच्चे यांनी १९१९ पासून 'किनोथेक' या नावाने प्रसंगानुरूप छोट्या रचनांचे संग्रह काढले. न्यूयॉर्कमध्ये एर्नो रापे यांचे असेच जाडजूड पुस्तक १९२४ मध्ये निघाले. त्याच्या प्रत्येक पानाच्या कडेला भावांची आणि प्रसंगांची यादी पृष्ठांकांसह छापलेली असे. पाठलाग संपून प्रणय सुरू झाला, की वादकाने चालू चित्रपटात नेमके पान काढायचे, ही त्यामागची सोय.

विद्यार्थ्यांचा या कामाशी संबंधही तेव्हापासूनचा आहे. कोडॅकचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांनी रॉचेस्टर शहरात संगीत विद्यालय काढले आणि १९२२ मध्ये त्याला लागूनच तीन हजारांहून अधिक आसनांचे नाट्यगृह उभारले. तिथे वाद्यवृंदाच्या साथीने मूकपट चालत आणि विद्यालयात चित्रपटांना ऑर्गनची साथ करण्याचे रीतसर शिक्षण मिळे. ती पोटापाण्याची विद्या होती, कारण अमेरिकेतल्या हजारो वादकांची रोजीरोटी चित्रपटगृहांवर चालत असे. रशियात दिमित्री शोस्ताकोविच यांनी वडिलांच्या मृत्यूनंतर घर चालवण्यासाठी विद्यार्थी असतानाच चित्रपटगृहांत पियानो वाजवला. दिवसा संगीत विद्यालय आणि रात्री तासन्‌तास पडद्याकडे पाहत वादन, हा क्रम त्यांना थकवणारा होता. पण १९२९ मध्ये 'न्यू बॅबिलॉन' या मूकपटाला त्यांनी जे संगीत लिहिले, त्यात दृश्याला सलामी न देता त्याच्याशी वाद घालण्याचे धाडस दिसते. ते मात्र पहिल्या प्रयोगांत फसले. ऐन वेळी चित्रपटाची पुन्हा काटछाट झाली, वादकांना रचना अवघड गेली आणि चित्र एकीकडे, संगीत दुसरीकडे अशी स्थिती झाली. पडद्याशी मेळ ही या कलेतली पहिली अट, आणि ती मोडली की प्रतिभावंताचाही इलाज चालत नाही.

१९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' हा बोलपट आला आणि काही वर्षांतच चित्रपटगृहांतले वाद्यवृंद बंद पडले. ऑर्गन धूळ खात राहिले. मूकपट पुढे दाखवले गेले तेही बहुधा चुकीच्या वेगाने आणि एखाद्या ठोकळेबाज पियानोवर. हे चित्र पालटले लंडनमध्ये, नोव्हेंबर १९८० मध्ये. आबेल गान्स यांचा १९२७ चा 'नेपोलियन' केव्हिन ब्राउनलो यांनी तुकडा तुकडा जमवून पुन्हा उभा केला होता. त्याला कार्ल डेव्हिस यांनी संगीत दिले आणि सुमारे पाच तासांचा तो चित्रपट पूर्ण वाद्यवृंदासह दाखवला गेला. हा मूळचाच वाद्यांसह पाहायचा प्रकार आहे, हे प्रेक्षकांना नव्याने उमगले. त्यानंतर जुन्या चित्रपटांना नवे संगीत देण्याची प्रथा रुजली आणि काही वर्षांनी ती संगीत विद्यालयांच्या वर्गांतही पोचली.

वर्गातले काम वेळ मोजण्यापासून सुरू होते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी मावतात, म्हणजे हजार फुटांच्या रिळात १६,००० चौकटी. बोलपटाचा वेग सेकंदाला २४ चौकटी असा ठरलेला आहे. त्या वेगाने हे रीळ साधारण ११ मिनिटांत संपते. मूकपटाचा वेग मात्र हाताने दांडा फिरवणाऱ्या कॅमेरामनवर आणि प्रोजेक्टर चालवणाऱ्यावर अवलंबून असे. तेच रीळ १६ चौकटींच्या वेगाने चालवले, तर सोळा मिनिटांहून जास्त चालते. म्हणून विद्यार्थ्यांना आधी चित्रपटाची कोणती प्रत आणि कोणता वेग हे पक्के करावे लागते. आजच्या पुनरुद्धार केलेल्या डिजिटल प्रतींत वेग गोठवलेला असल्यामुळे हे काम सोपे झाले आहे.

त्यानंतर चित्रपट पुन्हा पुन्हा पाहून सांधे टिपले जातात. दार उघडते कधी, पत्र फाटते कधी, मजकुराची पाटी पडद्यावर किती सेकंद राहते, नजर कधी वळते, हे सगळे सेकंदांत मांडले जाते आणि मग लयीचा हिशेब बसवला जातो. एखादा प्रसंग ४२ सेकंदांचा असेल आणि लय मिनिटाला ८० ठोक्यांची धरली, तर त्यात ५६ ठोके बसतात. चार-चार ठोक्यांचे चौदा गट पूर्ण होतात आणि धून मध्येच तुटत नाही. प्रसंगाची लांबी अशी नेमकी बसली नाही, तर लय किंचित बदलायची, एखादा ठोका वाढवायचा किंवा शेवटचा स्वर लांबवायचा. आकडे बसले म्हणजे संगीत झाले असे नाही, पण ते न बसवता लिहिलेले संगीत प्रयोगात टिकत नाही.

अनेक जणांनी मिळून एक चित्रपट रचण्यात वेगळीच अडचण येते. सात-आठ जणांच्या सात-आठ शैली एकामागून एक ऐकू आल्या, तर प्रेक्षकाला चित्रपट फाटल्यासारखा वाटेल. म्हणून प्रमुख पात्रांच्या आणि कल्पनांच्या धुना आधी सर्वांनी मिळून ठरवाव्या लागतात. नायकाची धून एकाने रचली, तरी पुढच्या भागात ती दुसऱ्याला वापरावी लागते, कधी मंद लयीत, कधी उदास स्वरांत, कधी फक्त तिच्या पहिल्या दोन स्वरांपुरती. भागांच्या सांध्यावर स्वर आणि लय जुळवून घ्यावी लागते. स्वतःची धून दुसऱ्याच्या हाती देणे तरुण संगीतकाराला जड जाते, आणि याच कारणाने हा अभ्यास मोलाचा आहे. पुढे चित्रपटाच्या धंद्यात त्याला दिग्दर्शक, संकलक आणि निर्माता यांच्यामध्ये राहूनच काम करायचे असते.

निवडलेला प्रत्येक चित्रपट नवा प्रश्न घालतो. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या १९२४ च्या 'द लास्ट लाफ'मध्ये एमिल यानिंग्स यांनी मोठ्या हॉटेलच्या दारवानाची भूमिका केली आहे. म्हातारपणामुळे त्याला दारावरून काढून तळघरातल्या स्वच्छतागृहात कामाला लावतात, आणि झगमगीत गणवेश गेल्याबरोबर त्याची चाळीतली पतही जाते. या चित्रपटात संवादाच्या पाट्या जवळजवळ नाहीत. शब्दांचा आधार नसल्यामुळे माणसाच्या मनात काय चालले आहे ते सांगण्याचा मोठा भार संगीतावर येतो. त्यातच एक प्रसंग असा आहे, की अंगणात एक जण तुतारी फुंकतो आणि कॅमेरा तिच्या तोंडापासून झपकन मागे सरतो, जणू आवाजच हवेतून खिडकीकडे चालला आहे. मूकपटाने आवाज दाखवला आहे. तिथे खरोखर तुतारी वाजवायची, की तो आवाज नायकाच्या नशेतल्या कानांना जसा ऐकू येईल तसा वाजवायचा? पडदा याचे उत्तर देत नाही, ते विद्यार्थ्याला शोधावे लागते. या चित्रपटाचे मूळ संगीत 'किनोथेक'वाल्या बेच्चे यांचे होते. विद्यार्थ्यांनी तेच पुन्हा उभे न करता नवे लिहिले, हे योग्यच झाले.

पॉल लेनी यांच्या १९२८ च्या 'द मॅन हू लाफ्स'मध्ये अडचण उलटी आहे. कॉनराड फाइट यांनी रंगवलेल्या नायकाचा चेहरा बालपणीच शस्त्राने विद्रूप करून कायमचा हसरा केलेला आहे. तो रडला तरी ओठ हसतच राहतात. दृश्यातले हसू धरून संगीत लिहिले, तर पात्राचा घात होतो. संगीताला इथे चेहऱ्याच्या विरोधात, डोळ्यांच्या बाजूने उभे राहावे लागते. हॅरोल्ड लॉइड यांच्या 'द फ्रेशमन'सारख्या विनोदी चित्रपटात मोह वेगळा असतो. नायक पडला की ढोल, घसरला की सनई, असे दर खेपेला केले, तर पाच मिनिटांत विनोद शिळा होतो. काही पडणी तशीच सोडायची आणि संगीताने नायकाची घालमेल धरून ठेवायची, हे कळायला वेळ लागतो. वाद्ये कुठे थांबवायची हाच या अभ्यासातला सर्वांत कठीण धडा आहे. स्वरलेखनाचे कौशल्य हाताशी असलेला विद्यार्थी प्रत्येक सेकंद भरू पाहतो. ऐन प्रसंगी सोडलेली दोन सेकंदांची शांतता मूकपटात किती मोठी होते, हे त्याला प्रयोगातच कळते.

प्रयोगात चित्रपट कोणासाठी थांबत नाही. गायकाची साथ करणारा तबलजी गायकाकडे पाहून लय सावरू शकतो. पडदा मात्र वादकांकडे पाहत नाही. म्हणून संचालकासमोर एक छोटा पडदा ठेवण्याची पद्धत आहे. त्यावर वेळेचे आकडे धावत असतात, महत्त्वाच्या क्षणाआधी एक उभी रेघ पडदाभर सरकते आणि नेमक्या क्षणी ठिपका चमकतो. काही ठिकाणी वादकांच्या कानात टिक-टिक असा ठोका देतात. त्याने मेळ अचूक बसतो, पण संगीताचा श्वास आखडतो. रेघ आणि ठिपका पाहून संचालन करणे अवघड असले, तरी त्यात लयीला थोडी मोकळीक मिळते. एखादा भाग अर्धा सेकंद मागे पडला, तर पुढच्या चार ओळींत तो हळूच भरून काढायचा, आणि ते प्रेक्षकाच्या लक्षातही येऊ द्यायचे नाही.

युरोपात याहून वेगळी वाट आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय संगीत विद्यालयात ज्याँ-फ्रान्स्वा झिजेल यांच्या वर्गात तयार झालेले तरुण पियानोवादक तिथल्याच झेरोम सेदू-पाते प्रतिष्ठानाच्या छोट्या प्रेक्षागृहात मूकपटांना साथ करत आले आहेत. त्यांच्यापुढे कागद नसतो, संगीत तिथल्या तिथे सुचवायचे असते. इटलीतील पोर्देनोने गावात १९८२ पासून मूकपटांचा मोठा महोत्सव भरतो. तिथे निवडक तरुण वादकांना जाणकार साथीदार शिकवतात आणि महोत्सवातच वाजवण्याची संधीही देतात. पोर्देनोनेच्या शाळकरी मुलांनीही छोट्या विनोदी मूकपटांना वाजवले आहे. लिहिलेल्या संगीतात बांधणी पक्की असते. उत्स्फूर्त वादनात त्या रात्रीचा प्रेक्षकही सामील होतो, त्याचे हसू लांबले तर पियानो थांबतो. दोन्ही रीती शिकण्याजोग्या आहेत. हिंदुस्थानी संगीतात वाढलेल्या वादकाला मात्र दुसरी रीत अधिक जवळची वाटावी, कारण ठरलेल्या चौकटीत तिथल्या तिथे विस्तार करणे हे त्याच्या तालमीतच असते.

भारतात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशनमध्ये लागला. तेव्हापासून १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' हा बोलपट येईपर्यंत चित्रपटगृहांत आणि तंबूंत पेटी-तबल्याची साथ होत असे. ते संगीत कोणी लिहून ठेवले नाही, त्यामुळे आज रचायचे ते पूर्ण नवेच असणार. असे प्रयत्न झाले आहेत, पण बहुतेक परदेशी पुढाकाराने. 'प्रपंच पाश' या १९२९ च्या चित्रपटाला नितीन सोहनी यांनी लिहिलेले संगीत २००७ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवले. 'शिराझ'ला अनुष्का शंकर यांनी दिलेले संगीत २०१७ मध्ये आधी लंडनमध्ये आणि मग भारतातल्या शहरांत ऐकवले गेले.

भारतात निघालेल्या तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी जेमतेम तीसेक, तेही बरेचसे अपुरे, उरले आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे जे वाचले, त्यात फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' बहुतांश शाबूत आहे. त्याच्या सुरुवातीला फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर एकामागून एक चेहऱ्यावरचे भाव बदलून दाखवते आणि मग तीच कृष्ण होते. संगीत शिकणाऱ्यासाठी याहून चांगला पहिला धडा शोधूनही सापडणार नाही. भाव झरझर पालटतात, प्रत्येकाला जेमतेम काही सेकंद मिळतात, आणि दर भावाला नवा राग धरायला सवड नसते. एकाच रागातले स्वर कुठे रेंगाळवायचे आणि कुठे लय उचलायची, यावर सगळे अवलंबून राहते. भारतीय कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे हक्कांची अडचण या चित्रपटांना उरलेली नाही. चांगली प्रत, बासरी-सतार-पखवाजापासून व्हायोलिनपर्यंतची वाद्ये आणि ती वाजवणारे विद्यार्थी हे सगळे पुण्या-मुंबईत आहे. एका सत्राच्या अभ्यासक्रमात ते एकत्र आणणे विद्यापीठांच्या संगीत विभागांना सहज शक्य आहे.